व्हर्लाचा जेवणाचा प्लॅन

माझी विहीण व्हर्ला स्टकी हिच्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं, की मी उठून कॉफी ओतून घ्यायला जाते. आमच्या लायमा गावात तिच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे माझी कॉफी फार होते. मला तिचा हेवा वाटतो. आजचा नाही, आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासूनचा आहे, आणि गंमत म्हणजे तेव्हा हेवा वाटण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

तिच्या बापाची डुकरं होती, तीही भाड्याच्या जमिनीवर. माझे वडील इंजिनांच्या कारखान्यात पक्क्या पगारावर होते. माझ्या डब्यात मोहरीची चटणी लावलेलं मांसाचं सँडविच असायचं. तिच्या डब्यात चरबी फासलेला पाव, आणि काही दिवस डबाच नाही. मी काही दुष्ट नव्हते. अर्धं सँडविच पुढे करायचे. ती म्हणायची, "नको गं आर्लीन, मी घरून भरपेट खाऊन आलेय." हे ती इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगायची, की डुकरंवाल्यांकडे सकाळी फार मोठी न्याहारी करत असावेत असं मला आठवीपर्यंत खरंच वाटायचं.

पुढे तिनं क्लाइड स्टकीशी लग्न केलं. त्याचं टायरचं दुकान होतं. तो गाड्यांखाली पडलेला असायचा आणि ही काउंटरवर बसायची, ओठांना लाल रंग, कानावर पेन. चर्चच्या आवारात गाडी उभी राहिली की ही चाकाकडे बघून सांगायची, "हॅरोल्ड, पुढचं डावं गुळगुळीत झालंय, बर्फ पडायच्या आत ये." आणि हॅरोल्ड जायचा. क्लाइड वारला तेव्हा सगळे म्हणाले, आता ही दुकान विकणार. तिनं शेजारची जागासुद्धा विकत घेतली. मी त्या वर्षांत इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धूत होते. माझा नवरा रॉइस माणूस चांगला होता, पण त्यानं मागे ठेवलं ते एक घर आणि त्या घराचं गळकं छप्पर.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण ओहायोत दुसऱ्या मुली नव्हत्या की काय देव जाणे, माझ्या ड्वेननं नेमकी तिची ट्रिश शोधून काढली. आणि मग केल्सी झाली. आम्हा दोघींची एकुलती एक नात.

केल्सीच्या बाबतीत मी सतत दुसरी असते. वाढदिवसाला मी विणलेला स्वेटर देते, व्हर्ला सायकल देते. पोर स्वेटर घालून सायकलवर बसते आणि "व्हर्ला आजी, बघ!" म्हणून ओरडते. तिचं चुकत नाही. पण माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला सांगू?

केल्सीला दहा वर्षं पूर्ण झाली त्या वसंतात व्हर्लानं जाहीर केलं, की सगळ्यांनी फ्लोरिडाला जायचं. आठवडाभर, थीम पार्कच्या आतल्या हॉटेलात, राहणं आणि जेवणाचा प्लॅन तिच्याकडून. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्लॅन म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून टाकायचे. मग माणशी रोज एक बसून वाढलेलं जेवण, एक काउंटरवरचं, आणि एक खाऊ. प्रत्येकाचं आपापलं कार्ड. एका खोलीत राहणाऱ्या सगळ्यांना घ्यावाच लागतो, एकट्यादुकट्याला सुटका नाही. आठवड्यात संपवलं नाही तर गेलं.

ट्रिशच्या स्वयंपाकघरात हे ठरत होतं तेव्हा मी म्हणाले, "हा निव्वळ मूर्खपणा आहे. ते पार्कवाले काय खुळे आहेत? माणशी रोजचे चाळीस डॉलर! एवढं खातं कोण?"

"सगळे खातात. पैसे भरलेत म्हटलं की खातात," व्हर्ला म्हणाली.

"तेच म्हणते मी. गरज नसताना चरायचं."

"आर्लीन, मागच्या जत्रेत ट्रिश पोरीला दिवसभर म्हणत होती, ते नको, महाग आहे. हे नको, महाग आहे. मला एक आठवडा ते ऐकायचं नाही."

"बरं, निदान पोरीचं वय नऊ सांग. दहा म्हटलं की मोठ्या माणसाचे पैसे लावतात. सगळे नऊच सांगतात."

"मी दहा सांगितलंय," व्हर्ला म्हणाली. "तिथं कुणी तिलाच विचारलं तर काय, तिनं खोटं बोलायचं?"

झालं. ट्रिशनं आईकडे असं पाहिलं जसं काही प्रवचन ऐकलं. मी उठले आणि कॉफी ओतली.

मी जाणार होते, पण माझ्या पैशानं. माझी मावसबहीण ओपल तिथं जवळच राहते, चाकांवरच्या घरात. मी तिच्याकडे झोपणार, पार्कचं तिकीट माझं मी काढणार. ड्वेनला बाजूला घेऊन मी बजावलं, "व्हर्लाच्या पैशाचा एक घास मी खाणार नाही. मी सँडविचं बांधून आणीन आणि बाकावर बसून खाईन."

"आई, पोरीसमोर असं बाकावर बसून?"

"बसेन."

चार दिवसांनी ड्वेन हसत आला. त्याच्या ऑफिसात म्हणे सोडत निघाली आणि त्याला कूपन लागलं, त्यावर माझ्यापुरता जेवणाचा प्लॅन मिळाला. बाहेर राहणाऱ्यालाही चालतो. मला इतकं बरं वाटलं! माझ्या मुलानं माझ्यासाठी केलेली गोष्ट होती ती. मी ओपलला फोन करून सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, आणि व्हर्लाला तर आवर्जून सांगितलं.

"कार्ड मात्र माझ्याजवळ राहू दे, तू हरवशील," ड्वेन म्हणाला. मी चष्माही हरवते, त्यामुळे वाद घातला नाही.

पार्कचं वर्णन मी करणार नाही, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ऊन, रांगा, एका रंगाचे टी-शर्ट घातलेली घरंच्या घरं. आमचेही होते, हिरवे. व्हर्लाचा तिच्या अंगावर नुसता लोंबत होता, कारण बाई निम्मी झाली होती. मागच्या शरद ऋतूत तिचं कसलंसं पोटाचं किरकोळ ऑपरेशन झालं असं ट्रिश म्हणाली होती. मी मनात म्हटलं, किरकोळ कसलं, कुठल्या तरी महागड्या डॉक्टरकडून चरबी काढून घेतली असणार. सहासष्टाव्या वर्षी हिला कंबर कशाला हवी? माझी कंबर कुठं आहे ते मला शोधावं लागतं, आणि हिची दुरून दिसत होती.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बसून जेवायला गेलो. मेनू बघितला आणि ठरवलं, माझ्या मुलाचं कूपन आहे, ते वसूल करायचं. सगळ्यात महागाचा मांसाचा तुकडा मागवला, भाजलेल्या बटाट्यासकट. ड्वेननं कार्डं गोळा करून वेटरला दिली. व्हर्लानं काय मागवावं? वाटीभर सूप! आणि त्याचे पैसे पाकिटातून रोख काढून दिले.

"अगं, प्लॅन घेतलायस ना?" मी विचारलं.

"सूप प्लॅनमध्ये बसत नाही."

"मग बसेल ते घे की! पैसे आधी भरायचे, वर रोख द्यायचे. अख्ख्या फ्लोरिडात असं करणारी तू एकटीच असशील."

"दुपारी फार खाणं झालं गं. माझं पोट भरलंय." माझ्या ताटाकडे बघून ती म्हणाली, "तो काठाचा भाग पण खा, तोच चांगला असतो. वसूल व्हायला नको?"

मी काठाचा भाग खाल्ला. हाडाजवळचंही सोडलं नाही. ड्वेन ताटात मान घालून जेवत होता आणि ट्रिश खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, सासूची जीभ तिला टोचली. टोचू दे, म्हटलं.

रोज हेच. मी खेकडे खाल्ले, बरगड्या खाल्ल्या, तीन थरांचा चॉकलेटचा केक खाल्ला. व्हर्लाचं सूप, नाहीतर नुसता दह्याचा कप, आणि पैसे रोख. मी रोज तिला टोमणा मारायचे. "ट्रिश, तुझ्या आईला सांग, पुढच्या वर्षी प्लॅनऐवजी सूपाचं पातेलं घेऊन या." "व्हर्ला, टायरच्या दुकानात गिऱ्हाइकानं चार चाकांचे पैसे देऊन एकच नेलं असतं तर तू त्याला काय म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते, पुन्हा या," व्हर्ला म्हणाली, आणि सगळे हसले. माझ्याच टोमण्यावर सगळ्यांना हसवलं तिनं. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

चौथ्या दिवशी राजकन्यांबरोबरची न्याहारी होती. केल्सी महिनाभर तिच्याबद्दलच बोलत होती. तिथं खऱ्या वाटाव्यात अशा राजकन्या टेबलापाशी येतात, मुलांशी बोलतात, फोटो काढतात. खाणं मांडून ठेवलेलं असतं, हवं तेवढं घ्यायचं, पण आत पाऊल टाकलं की माणूस मोजतात. केल्सीची एक बाजू आईची, आणि दुसरी बाजू व्हर्लाची असणार हे उघड होतं. सगळा खर्च तिचा, मग खुर्चीही तिची. मी आदल्या रात्री ओपलकडे पडल्या पडल्या तेवढाच विचार करत होते.

सकाळी दाराशी पोचले तर व्हर्ला नाही.

"आईचे पाय सुजलेत. खोलीवरच पडते म्हणाली," ट्रिशनं सांगितलं.

"अरेरे," मी म्हणाले. लाज वाटायला हवी होती, पण मनात मी टुणकन उडी मारली. केल्सीशेजारी मी बसले. निळ्या झग्यातली राजकन्या आली आणि म्हणाली, "या कोण? राजमाता वाटतं?" केल्सीनं माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "ही माझी आर्लीन आजी." फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. त्या फोटोत व्हर्ला नाही. मी तो फोटो तिथल्या तिथं विकत घेतला, आणि दुपारी व्हर्ला बाहेर आली तेव्हा तिला तीन वेळा दाखवला. तिनं तिन्ही वेळा चष्मा लावून पाहिला.

"किती सुंदर आल्यात दोघी," ती म्हणाली. "आर्लीन, तू हसतेस तेव्हा शाळेतल्यासारखी दिसतेस."

हे ती कशाला म्हणाली असेल यावर मी संध्याकाळपर्यंत डोकं चालवलं.

मग शेवटचा दिवस आला. प्लॅनवाल्यांची त्या दिवशी जी धांदल उडते ती बघण्यासारखी असते. रात्री सगळं रद्द होणार म्हणून माणसं उरलेल्या खाऊवर तुटून पडतात, पिशव्या भरभरून बिस्किटं नेतात. दुपारी ड्वेन आणि ट्रिश त्या रुळांवरून उलटीपालटी फिरणाऱ्या गाडीच्या रांगेत गेले. केल्सीला ती गाडी नको होती. व्हर्ला सावलीतल्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसली होती.

समोरच मिठाईचं दुकान होतं. काचेत कॅरमेलमध्ये बुडवलेली सफरचंदं मांडली होती, वर दाण्यांचा चुरा. केल्सी काचेला नाक लावून उभी राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आठवडाभर या पोरीनं जे जे खाल्लं ते सगळं व्हर्लाच्या प्लॅनचं होतं. माझ्या हातून तिला एक गोळीसुद्धा मिळाली नव्हती. आणि माझा एक खाऊ उरला होता, माझ्या मुलानं दिलेला.

मी रांगेपाशी जाऊन ड्वेनकडून कार्ड मागून घेतलं. तो म्हणाला, "आई, थांब, मीच येतो," पण त्याची रांग पुढे सरकली आणि मागचे लोक ढकलायला लागले. मी कार्ड त्याच्या हातातून काढूनच घेतलं.

"चल," मी केल्सीला म्हणाले. "हे आर्लीन आजीकडून. माझ्या कार्डावर."

काउंटरवर तरुण मुलगी होती. तिनं सफरचंद बाहेर काढलं, विचारलं, "फोडी करून देऊ?" मी म्हटलं, दे. तिनं फोडी केल्या, कागदी द्रोणात मांडल्या, मग कार्ड यंत्रात घातलं आणि पडद्याकडे बघून गोड हसली.

"शेवटचाच खाऊ होता, बरं झालं वापरलात. धन्यवाद, मिसेस स्टकी."

मी म्हटलं, "कोण?"

"व्हर्ला स्टकी," तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिचं हसू जरा कमी झालं. "कार्ड तुमचंच आहे ना? ज्याचं कार्ड त्यालाच द्यावं लागतं आम्हाला. व्हर्ला म्हणजे तुम्हीच ना?"

तो काठाचा भाग, ते खेकडे, तो तीन थरांचा केक. वाटीभर सूप आणि रोख पैसे. पाय सुजले म्हणून खोलीवर. राजकन्येशेजारची खुर्चीसुद्धा. सोडत नव्हती, कूपन नव्हतं. चार माणसांची चार कार्डं होती आणि जेवायला आम्ही पाच बसत होतो. मोजलं नव्हतं ते फक्त मीच.

पैसे टाकून मोकळी झाले असते, पण माझं पाकीट ड्वेनच्या पाठपिशवीत, आणि ती पिशवी तिकडे व्हर्लाच्या मांडीवर. तिच्याकडे जाऊन पाकीट मागायचं? मी केल्सीकडे पाहिलं. ती द्रोणाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नवल अजिबात नव्हतं. पोरीलाही माहीत होतं. आठवडाभर माझे टोमणे ऐकत ती गप्प बसली होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "चल, राहू दे. मला नको."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला ते सफरचंद केवढं हवं होतं ते मला दिसत होतं. आता हीसुद्धा पोट भरलंय म्हणणार, मला वाटलं.

"हो," मी त्या मुलीला म्हणाले. "मीच व्हर्ला."

आयुष्यभर मला व्हायचं होतं ते मी एका सफरचंदापुरती झाले. मुलीनं कार्ड परत केलं, द्रोण दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आम्ही बाकाकडे निघालो. मला इतका राग आला होता! ती श्रीमंत आहे ते मी सोसलं. लोक तिला मान देतात तेही सोसलं. आता ही बाई चांगलीही निघाली, तर मी करायचं काय? तिच्यावर जळायचं तरी कसं? मी ठरवलं, द्रोण तिच्या मांडीवर आपटायचा आणि चारचौघांत विचारायचं, तुला कुणी सांगितलं होतं मला पोसायला?

व्हर्ला पिशव्यांना टेकून डोळे मिटून बसली होती. जवळून पाहिलं तर तिच्या गळ्याची हाडं दिसत होती. हे महागड्या डॉक्टरचं काम नव्हतं. मी धुलाईखान्यात आयुष्य काढलंय, कुठल्या वॉर्डातली माणसं अशी दिसतात ते मला कळतं. आठवडाभर मी फक्त कंबर बघत होते.

"किती कापलं?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कार्डाकडे, मग केल्सीकडे. "अर्ध्याहून जास्त," ती म्हणाली. "आता वाटीभरच मावतं. डॉक्टर म्हणतो, सगळं निघालंय. बघू."

"आणि तरी प्लॅन घेतलास."

"एका खोलीतल्या सगळ्यांना घ्यावाच लागतो, आर्लीन. वाया जाऊन चालेल का?"

केल्सी आमच्यामध्ये येऊन बसली आणि दोघींच्या कोपरांना तिनं घट्ट धरलं. मी द्रोण पुढे केला. केल्सीनं एक फोड घेतली, मोठा आवाज करून चावली. मग मी तो व्हर्लापुढे धरला.

"दोन घास मावतील?"

"दोन मावतील."

तिनं फोड घेतली, दाण्यांचा चुरा बोटांनी झाडला, आणि हळूहळू खाल्ली. मग ओठ पुसून माझ्याकडे वळली.

"अगदी झकास आहे गं," व्हर्ला म्हणाली. "पण आर्लीन, एवढा खर्च कशाला केलास?"

मी तिच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. डोळ्यांत शोधलं, ओठांच्या कोपऱ्यात शोधलं. कुठेच नव्हतं. तोच तो शाळेतला सरळ चेहरा. तसला चेहरा मला उभ्या जन्मात जमला नाही, आणि त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

"असू दे गं," मी म्हणाले. "खा दुसरा घास."